आग्रिजेंतोचा तेलामोन उभा राहिला. मानसपुरीचा क्षेत्रपाल उभा करता येईल का?

मन्याडकाठ (कंधार, जि. नांदेड) यांचा प्रश्न

सर्व सभासदांस नमस्कार.

सिसिली बेटावरील आग्रिजेंतो येथे, म्हणजे प्राचीन ग्रीकांच्या अक्रागास नगरीत, ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराचे अवशेष आहेत. त्या अवशेषांमध्ये सुमारे आठ मीटर उंचीचा एक पाषाणपुरुष फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा उभा करण्यात आला. दोन्ही हात कोपरांत दुमडून डोक्यामागे नेलेल्या आणि मंदिराचा भार पेलणाऱ्या या मूर्तींना तेथे तेलामोन म्हणतात. आपल्याकडच्या यादवकालीन मंदिरांत खांबांच्या माथ्यावर तुळयांना आधार देणारे जे कीचक दिसतात, त्यांचे काम आणि यांचे काम एकच. आकार मात्र कैक पटींनी मोठा.

ही छायाचित्रे पाहिल्यापासून आमच्या तालुक्यातील मानसपुरीचे अवशेष डोळ्यांसमोरून हलत नाहीत. राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाची मानली जाणारी एक प्रचंड मूर्ती तेथे भग्नावस्थेत आहे. पावलाचा तुकडा पाहिला तरी मूळ मूर्ती किती भव्य असेल याची कल्पना येते. तिची एकूण उंची किती होती याचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक वाढत जातो. ग्रीकांची मूर्ती तुकडे जुळवून उभी राहत असेल, तर राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा शिलालेख ज्या कंधारात सापडला तेथील ही मूर्ती कायम आडवीच का राहावी, असे गावातील तरुण विचारतात आणि मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. कोणता दगड कोठला हे आग्रिजेंतोत कसे ठरवले गेले, जे भाग मिळालेच नाहीत त्यांचे काय केले, आणि तीच रीत येथे लागू पडेल का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

शिल्पवाचक (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

आपला प्रश्न योग्य आहे, परंतु या दोन मूर्तींमध्ये एक मूलभूत फरक आहे आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेलामोन ही स्वतंत्र मूर्ती नव्हतीच. तो इमारतीच्या बांधकामाचा एक भाग होता.

इ. स. पूर्व ४८० मध्ये हिमेरा येथे अक्रागासचा सत्ताधीश थेरॉन आणि सिराक्यूजचा सत्ताधीश गेलॉन यांनी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीच्या सैन्याचा पराभव केला, आणि त्या विजयानंतर हे मंदिर उभे राहू लागले. जोत्यावर त्याची लांबी सुमारे ११३ मीटर आणि रुंदी सुमारे ५६ मीटर भरते. डोरिक या जाड, साध्या खांबांच्या शैलीत याहून मोठे मंदिर ग्रीकांनी बांधले नाही. नेहमीच्या ग्रीक मंदिराभोवती मोकळ्या खांबांच्या रांगा असतात. येथे मात्र खांबांमधल्या जागा भिंतीने बंद केलेल्या होत्या आणि खांब त्या भिंतीतून अर्धेच बाहेर आलेले होते. दोन अर्धस्तंभांच्या मधोमध, भिंतीच्या वरच्या भागात, हे पाषाणपुरुष बसवले होते. अर्धस्तंभांवरच्या पन्हळींत माणसाचे शरीर मावते असे प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरसने लिहून ठेवले आहे, आणि १७८७ मध्ये जर्मन कवी गोएथे तेथे गेला तेव्हा त्याने स्वतः एका पन्हळीत उभे राहून त्याची खात्री करून घेतली.

एवढे अवाढव्य काम तेथील स्थानिक पिवळसर, शिंपल्यांच्या कणांनी भरलेल्या मऊ चुनखडीच्या दगडात केलेले होते आणि त्यावर गुळगुळीत गिलावा चढवलेला होता. अशा दगडाचे अखंड मोठे ठोकळे काढणे आणि चढवणे अवघड. म्हणून भिंत, खांब आणि तेलामोन हे सारेच तुलनेने लहान दगडांच्या थरांनी रचले गेले. मंदिराच्या विखुरलेल्या अनेक दगडांच्या बाजूंवर आजही इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या खोल खाचा दिसतात. त्या खाचांत दोर अडकवून दगड उचलला जाई, आणि दगड जागेवर बसल्यावर शेजारच्या दगडाला न हलवता दोर ओढून काढून घेता येई.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तेलामोनचे डोके एका थरात, खांदे खालच्या थरात, छाती त्याखालच्या थरात, असा हा प्रकार असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची उंची, त्याच्या वरच्या आणि खालच्या सपाट बाजू आणि मागे भिंतीत गुंतणारा भाग, हे सगळे मिळून त्याची जागा सांगतात. मूर्तीचा चेहरा झिजून सपाट झाला असला तरी तिच्या मागची घडणावळ बोलते. शिवाय अशा मूर्ती एकदोन नव्हत्या. त्या सुमारे ३८ असाव्यात असा अंदाज आहे. रोम येथील जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हाइन्त्स-युर्गेन बेस्टे यांच्या नेतृत्वाखाली या शतकाच्या सुरुवातीला जे सर्वेक्षण झाले, त्यात ९० हून अधिक सुटे तुकडे नोंदवले गेले आणि ते किमान आठ निरनिराळ्या तेलामोनांचे असल्याचे दिसून आले. एकाच नमुन्याच्या आठ मूर्तींचे अवशेष हाताशी असणे ही केवढी मोठी सोय आहे, हे लक्षात घ्यावे. एका मूर्तीची कोपरे नाहीशी झाली असतील, तर दुसरीची पाहून त्यांचे माप सांगता येते.

क्षेत्रपाल एकटा आहे. त्याला जोडीदार नाही, आणि तो ज्या भिंतीच्या थरांशी ताडून पाहावा अशी भिंतही नाही. उरतो तो तालमानाचा, म्हणजे चेहऱ्याची लांबी हा एक ताल धरून मूर्ती मोजण्याचा मार्ग. नवताल मूर्तीत चेहऱ्याच्या लांबीच्या नऊ पट, म्हणजे १०८ अंगुळे उंची धरतात. पण गण, वामन आणि काही उग्र देवता यांच्यासाठी शिल्पशास्त्रात कमी तालांची मापे आहेत. क्षेत्रपाल हा स्वभावतः उग्र देव, पोट सुटलेला आणि आखूड पायांचाही घडवला जाणारा. मूर्ती नवताल धरली तर पावलावरून एक उंची निघेल, ठेंगणी धरली तर दुसरीच, आणि ती सरळ उभी नसून गुडघ्यात वाकलेली असेल तर तिसरी. आकडे सांगणाऱ्यागणिक का बदलतात, याचे उत्तर बहुधा यातच आहे. कोणतेही माप ठरवण्यापूर्वी चेहऱ्याचा एखादा भाग, तळहात किंवा बोटांची पेरे मिळतात का हे शोधावे लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने थोडक्यात देता येईल. जे मिळाले नाही ते नव्याने घडवून पुतळा पूर्ण करण्याचा हट्ट आग्रिजेंतोत धरलेला नाही. पोलादी सांगाड्याला आडव्या फळ्यांसारखे आधार दिले असून प्रत्येक तुकडा आपापल्या उंचीवर त्या आधाराला बांधलेला आहे. पाहणाऱ्याला मूर्तीची आकृती कळते आणि मधल्या रिकाम्या जागाही दिसतात. काहींना ते रूप ओबडधोबड वाटते. मला मात्र तेच त्या कामातले सर्वांत प्रामाणिक अंग वाटते.

पायाभरणी (लातूर) यांचे उत्तर

मी स्थापत्य अभियंता आहे. मूर्तिशास्त्रातले मला कळत नाही, म्हणून केवळ भार, लोखंड आणि जमीन यांविषयी लिहितो.

शिल्पवाचक यांनी ज्या फळ्यांचा उल्लेख केला, त्यांचे महत्त्व रूपापेक्षा भाराच्या दृष्टीने अधिक आहे. तुकडे एकावर एक रचले असते तर सर्वांत खालच्या झिजलेल्या, मऊ दगडावर वरचा सगळा भार आला असता. सांगाड्यामुळे प्रत्येक दगड स्वतःचे वजन तेवढे आपल्या आधारावर टाकतो आणि एकूण भार पोलादातून पायात उतरतो. उद्या एखादा तुकडा चुकीच्या जागी बसला आहे असे लक्षात आले, तर बाकीच्यांना धक्का न लावता तो काढताही येतो. ही शेवटची सोय चैनीची नाही, हे अथेन्सच्या अनुभवावरून सिद्ध झाले आहे. तेथील पार्थेनॉन या प्राचीन मंदिरावर अभियंते निकोलाओस बालानोस यांनी १८९८ पासून पुढील काही दशके जीर्णोद्धाराचे जे काम केले, त्यात मूळ जागांचा पुरेसा विचार न करता काही दगड भलत्याच ठिकाणी बसवले गेले आणि जोडण्यांसाठी उघडे लोखंड वापरले गेले. लोखंड गंजले की फुगते. त्या फुगण्याने संगमरवराला आतून तडे गेले. मूळ ग्रीक कारागिरांनीही लोखंडाच्याच पट्ट्या वापरल्या होत्या, परंतु त्यांभोवती वितळलेले शिसे ओतून त्यांनी हवा आणि पाणी आत जाऊ दिले नव्हते, म्हणून त्या हजारो वर्षे टिकल्या. १९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली बालानोस यांचे लोखंड काढून तेथे टायटॅनियम घालण्याचे काम सुरू झाले. ते न गंजणारे आहे, आणि उन्हात तापल्यावर त्याचे प्रसरण दगडाच्या प्रसरणाशी बऱ्यापैकी जुळते.

आपल्याकडे जुन्या मंदिराचा निखळलेला दगड बसवायचा म्हटले की गावातला गवंडी सळई आणि सिमेंट घेऊनच येतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण सिमेंटचा जोड दगडापेक्षा टणक असला की पुढचा तडा जोडात न जाता दगडात जातो, आणि ते सिमेंट काढायचे म्हटले तर त्याबरोबर मूळ दगडाची कपचीही निघते.

आता जमिनीविषयी. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, एक घनमीटर साधारण पावणेतीन ते तीन टन भरतो. आग्रिजेंतोचा सच्छिद्र दगड याहून बराच हलका आहे. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देऊन आकसते. अशा जमिनीवर उंच आणि जड वस्तू उभी करायची, तर पाया काळ्या मातीखालच्या मुरमात किंवा पक्क्या खडकात न्यावा लागेल आणि त्यासाठी तेथे खोदावे लागेल; जेथे खोदायचे तेथेच मूर्तीचे उरलेले तुकडे किंवा मूळ चौथरा पुरलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यामुळे पुरातत्त्वीय उत्खननाआधी पायाचा विचार करणे म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने उखडणे होय. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजला जात होता. आग्रिजेंतोचे मंदिर ढासळण्यासही भूकंप कारणीभूत होते. मूर्तीचे तुकडे जमिनीवर आडवे असताना ते पडण्याची भीती नसते; उभे केल्यावर ती जबाबदारी कायमची आपली होते.

तगरवासी (तेर, जि. धाराशिव) यांचे उत्तर

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही त्यांतून निघणाऱ्या सावधगिरीबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. ‘अजून अभ्यास व्हायचा आहे’ हे वाक्य आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या ऐकू येते आणि तोवर दगड नाहीसे होतात. झ्यूसच्या मंदिराचेच पाहा. इ. स. पूर्व ४०६ मध्ये कार्थेजने अक्रागास लुटले तेव्हा मंदिर पूर्णही झालेले नव्हते. पुढे भूकंपांनी ते ढासळत गेले. शेवटचे तीन पाषाणपुरुष १४०१ पर्यंत उभे होते आणि त्यांची आठवण शहराच्या राजचिन्हात आजही आहे. ते कोसळल्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, अठराव्या शतकात, त्याच मंदिराचे दगड जवळच्या पोर्तो एंपेदोक्ले बंदराचा धक्का बांधण्यासाठी वाहून नेण्यात आले. पडलेल्या दगडाला कोणी देवस्थान म्हणत नाही की इमारत म्हणत नाही. तो फक्त फुकटचा दगड होतो. गढीच्या भिंतीत, विहिरीच्या काठाला, बांधावर, पायरीला लावलेले कोरीव दगड मराठवाड्यात कोणाला दिसले नाहीत?

दुसरी भीती याच्या उलट आहे. मूर्तीकडे लक्ष गेले की भक्तीही जागी होते. खंडित मूर्तीची पूजा करू नये असे शास्त्र सांगत असले तरी शेंदूर लावायला कोणी शास्त्र विचारत नाही. आमच्या परिसरातील एका जुन्या मंदिरात भाविकांनी वर्गणी काढून कोरीव खांबांना चकचकीत तैलरंग दिला, आणि नंतर तो रंग काढण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा केला, तेव्हा कीचकांची नाके आणि बोटे रंगाबरोबरच उडाली. म्हणून मूर्ती उभी करायची की नाही यापेक्षा तिच्याभोवती कोण उभे राहणार आहे, हा प्रश्न मला मोठा वाटतो. गावाला तिचे रूप दिसले तरच गाव तिची राखण करील. मूळ तुकडे उभारता येत नसतील, तर प्रतिकृती उभारावी. पण काहीतरी उभे राहावे.

शिल्पवाचक यांचे प्रत्युत्तर

तगरवासी यांचा प्रतिकृतीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्यासाठीही आग्रिजेंतोचाच दाखला देता येतो. तेथील अवशेषांमध्ये एक तेलामोन वर्षानुवर्षे जमिनीवर उताणा पडलेला दिसतो आणि पर्यटक त्याच्यासोबत छायाचित्रे काढतात. ती साच्यातून काढलेली प्रतिकृती आहे. राफाएल्लो पोलिती यांनी १८२५ च्या सुमारास जुळवलेला मूळ तेलामोन तेथील पुरातत्त्व संग्रहालयात छताखाली उभा आहे. त्याची उंची साडेसात मीटरहून अधिक आहे, आणि शेजारी आणखी तीन तेलामोनांची डोकी मांडलेली आहेत. त्याच दालनात मंदिराच्या लहान प्रतिकृती ठेवून, तेलामोन नेमके कसे बसवले असतील याविषयी अभ्यासकांचे निरनिराळे तर्कही दाखवले आहेत. एकच तर्क दगडात पक्का करून टाकण्याऐवजी सगळे तर्क लहान आकारात समोर ठेवणे ही पद्धत मला फार आवडते, आणि तिला खर्चही कमी येतो.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, जीर्णोद्धाराविषयी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, ही पहिली. अवशेषांच्या बाबतीत, जे मूळ भाग अस्तित्वात आहेत पण विखुरले आहेत त्यांची पुनर्जुळणी तेवढी करावी आणि जोडण्यासाठी वापरलेले नवे साहित्य ओळखू यावे, ही दुसरी. क्षेत्रपालाच्या बाबतीत आज आपल्याकडे अनुमानच अधिक आहे. प्रतिकृतीत अनुमान चालते, फक्त ते अनुमान आहे असे तिच्यापाशी ठळक अक्षरांत लिहावे लागते. मूळ दगडांच्या बाबतीत ते चालत नाही.

भार वाहणाऱ्या मूर्ती पाहायच्या असतील तर त्यासाठी सिसिलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही, हे जाता जाता सांगतो. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथे लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि तेथेच मिळालेली, डोक्यावर पात्र धरलेली हसऱ्या चेहऱ्याची बुटकी यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कान्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली असे तिच्यावरच्या लेखात कोरलेले आहे. वेरूळच्या कैलासाचे जोतेही हत्तींनी तोलून धरलेले दिसते. मात्र ही कामे ज्या कड्यात कोरली त्याच कड्याची असल्यामुळे तेथे तेलामोनसारखे थर नाहीत, आणि म्हणून तुटलेला भाग ओळखण्याची पद्धतही निराळी आहे.

मन्याडकाठ यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल आभारी आहे. काळ्या मातीचा आणि पुरलेल्या चौथऱ्याचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. येथील महाविद्यालयातील इतिहासाच्या शिक्षकांशी बोललो. विद्यार्थ्यांकडून तुकड्यांची मोजमापे आणि छायाचित्रे घेण्याची त्यांची तयारी आहे. हे काम करताना दगडांना इजा होऊ नये आणि पुढे तज्ज्ञांना त्याचा उपयोगही व्हावा, यासाठी काय काळजी घ्यावी?

शिल्पवाचक यांचे उत्तर

प्रथम राज्य पुरातत्त्व विभागाच्या आपल्या विभागीय कार्यालयाला पत्र पाठवून कल्पना द्यावी, आणि ज्यांच्या जमिनीत किंवा जमिनीलगत तुकडे आहेत त्यांची लेखी संमती घ्यावी. तोवर एकही तुकडा जागचा हलवू नये, कुशीवर वळवूही नये. तो ज्या अवस्थेत आणि ज्या दिशेला पडला आहे, तीही माहितीच आहे.

छायाचित्रे ढगाळ दिवशी किंवा सूर्य मावळतीला गेल्यावर काढावीत, कारण भर उन्हात काळ्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दिसत नाहीत. प्रत्येक तुकड्याभोवती फिरून, एका छायाचित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या छायाचित्रात येईल अशा रीतीने ती घेतली, तर संगणकावर त्यांवरून त्रिमितीय प्रतिमा तयार होते. चौकटीत मोजपट्टी ठेवावी; पेन, नाणे किंवा विद्यार्थ्याचे बूट ठेवू नयेत. मोजमाप घेताना लांबी, रुंदी, जाडी याबरोबर तुटलेली बाजू कोणती आणि मुद्दाम सपाट घडवलेली बाजू कोणती हे वेगळे नोंदवावे. सपाट घडवलेली बाजू किंवा खुंटीचे भोक एकाही तुकड्यावर सापडले, तर मूर्ती अखंड दगडाची नसून जोडांची होती असे म्हणायला आधार मिळेल आणि सगळीच चर्चा बदलेल. दगडाच्या पोताची अगदी जवळून छायाचित्रे घ्यावीत; त्यातील छिद्रे आणि स्फटिक यांवरून सगळे तुकडे एकाच खाणीचे आहेत का, हे भूशास्त्राचे प्राध्यापक पुढे तपासू शकतील.

पायाभरणी यांची पुरवणी

क्रमांक घालताना दगडावर खडू, रंग किंवा मार्कर वापरू नये. सुती दोऱ्याने बांधलेली पत्र्याची चकती पुरेशी आहे. पत्रा ॲल्युमिनियमचा घ्यावा, लोखंडी घेतल्यास पहिल्याच पावसात गंजाचा ओघळ दगडावर उतरेल. प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवताना जवळच्या कायमच्या दोन खुणांपासूनचे अंतर टेपने मोजावे, कारण मोबाइलवरच्या नकाशात काही मीटरांची चूक राहते आणि एकमेकांशेजारी पडलेल्या तुकड्यांच्या बाबतीत तेवढी चूकही चालत नाही.